सहा सिलिंडर, छत्तीस लाख युरो : फेरारी एफ८० आणि उद्यमबागेतील वाद

फेरारी कंपनीने १७ ऑक्टोबर २०२४ रोजी एफ८० ही नवी मोटार जाहीर केली. एकूण ७९९ गाड्या, प्रत्येकीची किंमत ३६ लाख युरो, पेट्रोल इंजिन आणि तीन विद्युत मोटारी मिळून १२०० अश्वशक्ती, थांबलेल्या अवस्थेतून ताशी १०० किलोमीटरचा वेग २.१५ सेकंदांत, २०० किलोमीटरचा ५.७५ सेकंदांत आणि कमाल वेग ताशी ३५० किलोमीटर, हे तिचे मुख्य आकडे होते. फिओरानो येथील कंपनीच्या चाचणी मार्गावर तिने १ मिनिट १५.३ सेकंदांची फेरी दिली आणि आपल्याच घराण्यातील लाफेरारीला चार सेकंदांहून अधिक मागे टाकले. इतके असूनही जगभरच्या शौकिनांची पहिली प्रतिक्रिया नाराजीची होती, आणि त्या नाराजीचे कारण एकच होते : गाडीत बारा नव्हे, सहा सिलिंडर आहेत.

तीच नाराजी बेळगावात कशी उमटली, कोणी तिला साथ दिली, कोणी ती खोडून काढली आणि कशाच्या आधाराने, याची ही नोंद आहे. बेळगाव निवडण्याचे कारण केवळ लेखकाचे वास्तव्य एवढेच नाही. एफ८० विकत घेणारा मनुष्य या जिल्ह्यात भेटण्याची शक्यता नाही. पण इंजिनाचे सुटे भाग ओतणारी, कातणारी आणि मायक्रॉनच्या हिशेबात घासणारी माणसे इथे गल्लोगल्ली भेटतात. उद्यमबाग, मच्छे आणि खानापूर रस्त्याच्या आसपासच्या फौंड्र्या व मशीन शॉप अनेक दशकांपासून वाहन उद्योगाला कास्टिंग, क्रँकशाफ्ट आणि हायड्रॉलिकचे भाग पुरवत आल्या आहेत. गाडीवर प्रेम करणारी शहरे पुष्कळ असतात, गाडीचे काळीज हातात धरून पाहिलेले शौकीन मात्र सगळीकडे नसतात. म्हणून इथला वाद अन्य ठिकाणच्या वादापेक्षा वेगळ्या वाटेने गेला.

वाद घालणारे वर्तुळ लहान आहे. तिसऱ्या रेल्वे गेटजवळच्या एका चहाच्या टपरीवर रविवारी सकाळी ही मंडळी जमतात. विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयातील मेकॅनिकलचे दोन-तीन विद्यार्थी, क्रँक ग्राइंडिंगचे छोटे वर्कशॉप चालवणारे एक गृहस्थ, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, फौंड्रीत पॅटर्न, म्हणजे वाळूचा साचा घेण्यासाठीचे नमुने, बनवण्यात हयात घालवलेले एक काका, टिळकवाडीतील एक सनदी लेखापाल, आणि शनिवार आला की चोर्ला घाटात बुलेट घेऊन जाणारी काही तरुण मुले. यांपैकी कोणीही फेरारी चालवलेली नाही. दोघा-तिघांनी ती गोव्यात किंवा बेंगळुरूत रस्त्यावरून जाताना पाहिली आहे, तीसुद्धा सिग्नल सुटेपर्यंत.

सिलिंडरांचा आक्षेप सर्वप्रथम विद्यार्थ्यांनी मांडला आणि तो मांडताना त्यांनी इतिहासाचा आधार घेतला. फेरारी दर दहा-बारा वर्षांनी एक शिखरगाडी काढते. १९८४ ची २८८ जीटीओ, १९८७ ची एफ४०, १९९५ ची एफ५०, २००२ ची एन्झो आणि २०१३ ची लाफेरारी ही ती परंपरा. शेवटच्या तिन्ही गाड्यांत बारा सिलिंडरांचे इंजिन होते, तेही टर्बोशिवाय, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याशिवाय. मग त्यानंतरची आणि आधीच्या सर्वांहून महाग गाडी निम्म्या सिलिंडरांवर का यावी, आणि ज्या व्ही६, म्हणजे व्ही अक्षरासारख्या दोन रांगांत सहा सिलिंडर असलेल्या, इंजिनाचे मूळ रूप कितीतरी कमी किमतीच्या २९६ जीटीबीमध्ये बसवलेले आहे तेच इथे का, असा त्यांचा प्रश्न होता. त्याच वर्षी मे महिन्यात कंपनीने ८३० अश्वशक्तीचे, मिनिटाला ९५०० फेऱ्यांपर्यंत जाणारे, टर्बो नसलेले व्ही१२ इंजिन असलेली दोदिची चिलिंद्री ही गाडी सादर केली होती. म्हणजे बारा सिलिंडर कायद्याने बंद झाले किंवा कंपनीला जमेनासे झाले, ही सबबही उरत नव्हती. आक्षेप उथळ नव्हता, हे इथे स्पष्ट लिहिले पाहिजे. शौकिनांना अडाणी समजून त्यांच्या तक्रारी झटकून टाकण्याची जी सवय मोटारविषयक लेखनात दिसते, ती या प्रकरणात उपयोगाची नाही.

मात्र तोच इतिहास थोडा मागे नेला की वेगळे दिसू लागते, आणि हे दाखवून दिले ते अण्णांनी नव्हे तर एका विद्यार्थ्यानेच. २८८ जीटीओ आणि एफ४० या दोन्ही गाड्यांत दोन टर्बो असलेले व्ही८ इंजिन होते, आणि एफ४० ला आज कोणीही कमी प्रतीची फेरारी म्हणत नाही. शर्यतीच्या मैदानावर तर १२० अंशांचे व्ही६ हे फेरारीचे जुनेच आयुध आहे. १९६१ साली फिल हिल याने ज्या १५६ गाडीतून फॉर्म्युला वनचे विजेतेपद मिळवले तिच्यात ते होते, आणि १९८१ मध्ये जिल व्हिलनव्ह याने मोनॅको जिंकले ते १२० अंशांच्या टर्बो व्ही६ वरच. एफ८० चे इंजिन ज्या ४९९पी या शर्यतीच्या गाडीच्या इंजिनाशी नाते सांगते, तिने २०२३ आणि २०२४ अशी सलग दोन वर्षे ल मॉची चोवीस तासांची शर्यत जिंकली होती. २०२५ मध्ये तिसऱ्यांदाही जिंकली. तेव्हा ‘फेरारी म्हणजे बारा सिलिंडर’ हे समीकरण कंपनीच्या सबंध इतिहासाचे नसून त्यातील एका कालखंडाचे आहे. पण आजचे विशीतले आणि तिशीतले शौकीन नेमक्या त्याच कालखंडात लहानाचे मोठे झाले. भिंतीवर ज्याने एन्झोचे चित्र लावले, त्याच्यासाठी परंपरा एन्झोपासून सुरू होते.

या टप्प्यापर्यंत वाद बेळगावात जसा झाला तसाच पुण्यात किंवा मिलानमध्येही झाला असता. तो फिरला तो पुढच्या रविवारी, अण्णा बोलू लागल्यावर. त्यांनी गाडीचा फोटो फारसा पाहिलेला नव्हता. त्यांनी विचारले ते एवढेच की क्रँकला पिना किती.

हा प्रश्न थोडा उलगडून सांगणे आवश्यक आहे. क्रँक म्हणजे पिस्टनांची वर-खाली हालचाल गोल फिरण्यात बदलणारा इंजिनाचा मुख्य दांडा; तिच्या पिनांवर पिस्टनांचे कनेक्टिंग रॉड बसतात आणि मुख्य जर्नलांवर ती स्वतः फिरते. चार-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर क्रँकच्या दोन फेऱ्यांत, म्हणजे ७२० अंशांत, एकदा पेटतो. म्हणून सहा सिलिंडरांच्या इंजिनात दर १२० अंशांनी एक स्फोट झाला तर चाल समान राहते. सिलिंडरांच्या दोन रांगांमधला कोन १२० अंशांचा असेल, तर समोरासमोरच्या दोन सिलिंडरांचे कनेक्टिंग रॉड एकाच पिनवर बसवूनही ही समान अंतरे मिळतात. अशा क्रँकला तीन पिना आणि चार मुख्य जर्नल पुरतात. रांगांमधला कोन ६० अंशांचा असेल तर समान अंतरांसाठी प्रत्येक रॉडला स्वतंत्र पिन द्यावी लागते. पिना सहा होतात आणि त्यांच्यामधली जोडभिंत (वेब) पातळ होते. व्ही१२ च्या क्रँकलाही सहा पिना आणि सात मुख्य जर्नल असतात, आणि साहजिकच ती जवळजवळ दुप्पट लांब असते. लांब क्रँक प्रत्येक स्फोटाला किंचित पिळवटते आणि परत येते. ही पिळाची कंपने कमी फेऱ्यांवर निभावून जातात, पण मिनिटाला ९००० फेऱ्यांच्या आसपास त्यांच्यासाठी दणकट डॅम्पर, जाड जर्नल आणि पर्यायाने अधिक वजन मोजावे लागते. तीन पिनांची आखूड क्रँक मुळातच ताठ असते.

“लांब क्रँक घासायला घेतली की मधे झोल दाखवतेच, स्टेडी लावल्याशिवाय हात लावता येत नाही,” असे अण्णांनी सांगितले, आणि विद्यार्थ्यांकडे पाहून पुढे म्हणाले, “तुम्ही सिलिंडर मोजालासा, मी जर्नल मोजालोय.” त्यांच्या मते इंजिन आखूड केल्यामुळे काय साधले हे पाहिल्याशिवाय ते लहान आहे म्हणून हिणवणे हा अन्याय होता. आणि साधलेले पुष्कळ आहे. २९९२ घनसेंटिमीटरच्या या इंजिनातून ८७५० फेऱ्यांवर ९०० अश्वशक्ती मिळते, म्हणजे लिटरमागे ३००. तुलनेसाठी, बेळगावच्या रस्त्यांवर जागोजागी दिसणाऱ्या नव्या स्विफ्टचे १.२ लिटरचे इंजिन सुमारे ८२ अश्वशक्ती देते, म्हणजे लिटरमागे साधारण ६८. एवढा दाब सहन करणारे ब्लॉक, पिस्टन आणि बेअरिंग बनवणे म्हणजे काय, हे ज्याने एखाद्या कास्टिंगमधील बारीक सच्छिद्रतेपायी सगळी खेप परत आलेली पाहिली आहे, त्याला समजावून सांगावे लागत नाही.

दुसरा लाभ हवेचा आहे, आणि माझ्या मते संपूर्ण गाडीचे मर्म इथे आहे. ताशी २५० किलोमीटर वेगाला एफ८० वर हवेचा १०५० किलोचा दाब येतो. त्यातला ४६० किलो पुढच्या चाकांवर आणि ५९० किलो मागच्या चाकांवर. गाडीचे कोरडे वजन १५२५ किलो आहे, हे लक्षात घेतले की या आकड्याचा अर्थ कळतो. हा दाब केवळ वर उचलल्या जाणाऱ्या मागच्या पंखातून येत नाही; गाडीच्या पोटाखालून हवा वेगाने ओढून मागे पसरवणाऱ्या डिफ्यूझरचा त्यात मोठा वाटा आहे, आणि या गाडीत तो १८०० मिलिमीटर लांब आहे. इतकी जागा मिळण्यासाठी इंजिन आखूड, रुंद आणि खाली बसलेले हवे, शिवाय गिअरबॉक्स किंचित वर उचललेला हवा; कंपनीने इंजिन आणि गिअरबॉक्सची जोडणी १.३ अंशांनी कलती बसवली ती त्यासाठीच. लांब व्ही१२ इथे बसवला असता तर एकतर चाकांमधले अंतर वाढले असते किंवा डिफ्यूझर आखडला असता. म्हणजे सिलिंडरांची संख्या ही इंजिनाच्या विभागात एकट्याने घेतलेली गोष्ट नव्हती. ती गाडीच्या तळाशी बांधलेली होती. विद्यार्थ्यांपैकी एकाने हे ऐकून डिफ्यूझरचे छायाचित्र मोठे करून पाहिले आणि त्यानंतर त्याच्या बोलण्यातला सूर उतरला. मत मात्र बदलले नाही.

अण्णांनी व्ही१२ ची बाजू पूर्णपणे फेटाळली असे कोणी समजू नये. बारा सिलिंडरांचे इंजिन पहिल्या आणि दुसऱ्या दोन्ही प्रतींच्या, म्हणजे क्रँकच्या गतीच्या आणि तिच्या दुप्पट गतीच्या, कंपनांत आपोआप संतुलित असते, तर व्ही६ मध्ये पुढून मागे डोलण्याची खोड राहते आणि ती वेगळ्या उपायांनी दाबावी लागते, हे त्यांनीच सांगितले. चालवणाऱ्याला जाणवणारा जो रेशमी गुळगुळीतपणा व्ही१२ चे भक्त वर्णन करतात, तो भ्रम नाही. अण्णांचे म्हणणे इतकेच की तो गुळगुळीतपणा दोदिची चिलिंद्रीच्या मालकाने घ्यावा; एफ८० चे काम वेगळे आहे.

पॅटर्न बनवणाऱ्या काकांची प्रतिक्रिया कोणालाच अपेक्षित नव्हती. त्यांना इंजिनापेक्षा सस्पेन्शनमध्ये रस निघाला, कारण या गाडीचे वरचे विशबोन, म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारे दुहाती भाग, धातूच्या भुकटीपासून थरावर थर चढवून, म्हणजे त्रिमितीय छपाईने, तयार केलेले आहेत. पॅटर्न नाही, आतली पोकळी राखणारा कोअर नाही, जादा धातू पुरवणारा रायझर नाही, मशिनिंगसाठी सोडलेली जादा जाडी जवळजवळ नाही. आतून पोकळ आणि बाहेरून वळणदार असा आकार, जो वाळूच्या साच्यातून कोअर मोडल्याशिवाय बाहेर काढताच आला नसता. काकांनी फोटो बराच वेळ पाहिला आणि विचारले की एक नग तयार व्हायला किती वेळ लागत असेल. उत्तर कोणाकडे नव्हते, पण ७९९ गाड्यांसाठी वेळ लागला तरी चालतो आणि महिन्याला हजारो नगांसाठी चालत नाही, हे त्यांनीच पुढे सांगून टाकले. फौंड्रीच्या धंद्यात वाळूचे कोअर छापून घेण्याचे तंत्र आता नवे राहिलेले नाही. पण संपूर्ण भागच छापला जाणे ही त्यांच्या हयातभराच्या कौशल्याला दिलेली बगल आहे, हे त्यांना दिसत होते, आणि तरीही त्यांच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. ते कुतूहल होते. गाडी सुंदर आहे की नाही यावर त्यांनी एक शब्दही काढला नाही.

आवाजाचा मुद्दा बुलेटवाल्या तरुणांचा. चोर्ला घाटात ज्याने सायलेन्सर बदललेल्या गाड्यांचे प्रतिध्वनी ऐकले आहेत, त्याला या मुद्द्याची तीव्रता वेगळी सांगायला नको. त्यांचे म्हणणे असे की गाडी आपल्याला मिळणार नाही, बसायलाही मिळणार नाही. आपल्या वाट्याला येतो तो फक्त आवाज, आणि तोच जर टर्बोने दाबलेला सहा सिलिंडरांचा असेल तर आपल्याला काय उरले. हा युक्तिवाद हसण्यावारी नेला गेला, पण मला तो या प्रकरणातील सर्वांत प्रामाणिक युक्तिवाद वाटतो. महागड्या गाडीचा शौकीन हा जवळजवळ नेहमी तिचा मालक नसतो. मालकाला गाडीची पकड, ब्रेक आणि प्रवेग मिळतात. शौकिनाला आकार, आवाज आणि सांगता येण्याजोगे आकडे मिळतात. ‘व्ही१२’ हा असा एक आकडा आहे जो चहाच्या टपरीवरही बाळगता येतो. कंपनीने आवाज आणि तो आकडा या दोन गोष्टी कमी केल्या, म्हणजे न विकत घेणाऱ्याच्याच वाट्यातून कपात केली.

याला एक गमतीदार उपकथा आहे. २९६ जीटीबीचे व्ही६ तयार करताना फेरारीच्याच अभियंत्यांनी त्याला ‘पिक्कोलो व्ही१२’, म्हणजे छोटा व्ही१२, असे टोपणनाव दिले होते. समान अंतराने होणाऱ्या स्फोटांमुळे त्याच्या आवाजातील स्वरांची रचना व्ही१२ च्या जवळ जाते, असे त्यामागचे कारण. म्हणजे खुद्द व्ही६ बनवणाऱ्यांनाही त्याची स्तुती करायला व्ही१२ चेच नाव घ्यावे लागले. बुलेटवाल्यांनी हे कळल्यावर विजयी मुद्रा केली, आणि ती अगदीच अनाठायी म्हणता येणार नाही.

रूपाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. समोरच्या दिव्यांवरून आडवी गेलेली काळी पट्टी पहिल्या दिवशी सर्वांना खटकली. एकाने तिला वेल्डिंगचा चष्मा म्हटले. महिन्याभरात कोणी त्यावर बोलेनासे झाले. शेजारच्या आसनाबद्दल मात्र चर्चा टिकली. चालकाचे आसन ठळक रंगाचे आणि पुढेमागे सरकणारे, तर प्रवाशाचे आसन काळ्या अस्तरात मिसळून गेलेले आणि जागचे न हलणारे, अशी रचना करून कंपनीने आतली जागा लाफेरारीपेक्षा अरुंद केली आणि तिला ‘एक अधिक’ म्हटले. घरातल्या गाडीत सहा माणसे आणि वर गूळ-शेंगांचे पोते घेऊन निपाणीच्या जत्रेला जाणाऱ्या लोकांना ही कल्पना पचणे कठीणच. स्टीअरिंगवरची स्पर्शाने चालणारी बटणे काढून पुन्हा दाबायची खरी बटणे आणली, याला मात्र एकमताने दाद मिळाली. तेवढ्यापुरते सगळे एका बाजूला होते.

किमतीचा प्रश्न सनदी लेखापालांनी हाती घेतला, आणि इथे सीमाभागाचे खास वळण आले. त्यांनी ३६ लाख युरोंतून इटलीचा २२ टक्के मूल्यवर्धित कर वजा धरला, त्या वेळच्या विनिमय दराने उरलेली रक्कम साधारण २७ कोटी रुपये काढली आणि तिच्यावर भारतात येताना काय चढेल याचा कागदावर ढोबळ हिशेब केला. संपूर्ण बांधून आणलेल्या महाग गाडीवर आयातशुल्क अधिभारासह ११० टक्के. त्यावर संकरित गाड्यांना तेव्हा लागू असलेला वस्तू व सेवा कर आणि उपकर मिळून ४३ टक्के. आणि वीस लाखांपेक्षा महाग गाडीवर कर्नाटकचा आजीवन रस्ताकर १८ टक्के, तोही उपकर सोडून. बेरीज नव्वद कोटींच्या पुढे गेली. त्यातला एकटा रस्ताकरच चौदा कोटींच्या घरात. मग त्यांनी कागदाच्या कडेला आणखी एक आकडा लिहिला : महाराष्ट्रात एका गाडीवरील रस्ताकराची कमाल मर्यादा त्या वेळी २० लाख रुपये होती. पुढे जुलै २०२५ पासून ती ३० लाख झाली.

केए-२२ (बेळगाव) आणि एमएच-०९ (कोल्हापूर) या पाट्यांमधला फरक ज्यांच्या रोजच्या जगण्यात आहे, त्या लोकांना याहून अधिक सांगावे लागले नाही. कोल्हापूरचा मेहुणा, कागलचा आत्तेभाऊ आणि त्यांच्या नावावर घेतलेली गाडी हा इथल्या घराघरांतला विषय. फरक इतकाच की कर्नाटकात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवलेल्या बाहेरच्या गाडीची नव्याने नोंदणी करणे मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ नुसार बंधनकारक आहे, आणि छोट्या गाडीकडे दुर्लक्ष होते तसे फेरारीकडे होत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये कर्नाटकच्या परिवहन खात्याने बेंगळुरूत कर चुकवल्याच्या कारणावरून परराज्यांत नोंदलेल्या सुमारे तीस महागड्या गाड्या जप्त केल्या, आणि त्याच वर्षी जुलैमध्ये महाराष्ट्रात नोंदलेल्या एका फेरारी एसएफ९० च्या मालकाला बेंगळुरूत सुमारे एक कोटी बेचाळीस लाख रुपयांचा कर एकरकमी भरावा लागला. ही बातमी आली त्या रविवारी लेखापालांचा तो जुना कागद पुन्हा मागितला गेला. एफ८० च्या सिलिंडरांवर महिनोन्महिने भांडलेल्या मंडळींना तिच्या पाटीवर पहिल्यांदाच एकमत होताना मी पाहिले : पाटी कोल्हापूरचीच.

विनोद बाजूला ठेवला तर किमतीचा आक्षेप हा या प्रकरणातला सर्वांत टिकाऊ आक्षेप आहे, आणि त्याचे समाधानकारक उत्तर अण्णांनाही देता आले नाही. एफ८० च्या अकरा दिवस आधी ब्रिटनच्या मॅक्लारेन कंपनीने डब्ल्यू१ ही गाडी जाहीर केली होती. चार लिटरचे व्ही८, विद्युत मोटारीसह १२७५ अश्वशक्ती, कोरडे वजन १३९९ किलो, केवळ मागच्या चाकांना शक्ती, ३९९ गाड्या आणि किंमत सुमारे २० लाख पौंड. शक्ती अधिक, वजन कमी, गाड्या निम्म्या आणि किंमत एफ८० पेक्षा एक तृतीयांशाने कमी. हे आकडे विद्यार्थ्याने शेजारी शेजारी मांडले. मग फेरारी जास्तीचे पैसे कशाचे घेते? चार चाकांना मिळणारी शक्ती, विजेवर फिरणारे टर्बो, ८०० व्होल्टची बॅटरी, विद्युत मोटारींवर चालणारे सक्रिय सस्पेन्शन, ही यादी देता येते आणि अण्णांनी ती दिलीही. पण त्या यादीची बेरीज दोन गाड्यांमधल्या तफावतीइतकी होत नाही, हे त्यांनी कबूल केले. ७९९ गाड्या गुणिले ३६ लाख युरो म्हणजे २८७ कोटी युरोंहून अधिक रक्कम होते, आणि गाडी जाहीर झाली तेव्हा सर्व गाड्यांचे वाटप आधीच ठरलेले होते. मागणी अशी असताना किंमत क्रँक, कास्टिंग आणि मजुरी यांच्या बेरजेवर ठरत नाही. ती घेणाऱ्यांच्या रांगेवर ठरते. जॉबवर्कचा दर किलोमागे आणि नगामागे चार-आठ आण्यांसाठी घासाघीस करून ठरवणाऱ्या माणसाला हे कळते, पण रुचत नाही. अण्णा कामाच्या बाजूने उभे राहिले होते, दराच्या बाजूने नाही, आणि हा फरक वर्तुळातल्या काहींच्या लक्षात आला नाही.

या साऱ्या प्रतिक्रियांकडे एकत्र पाहिले तर प्रत्येकाने गाडीचा तो भाग तपासला जो त्याला स्वतःच्या अनुभवाने तपासता येत होता. क्रँक घासणाऱ्याने क्रँक पाहिली, पॅटर्नवाल्याने विशबोन, हिशेबनिसाने कर, घाटात हिंडणाऱ्याने आवाज. ज्यांच्याजवळ असा स्वतःचा माप घेण्याचा पट्टा नव्हता, त्यांनी सिलिंडर मोजले, कारण ते कोणालाही मोजता येतात. म्हणूनच जगभर उमटलेली पहिली नाराजी सिलिंडरांचीच होती आणि ती सर्वांत मोठ्या आवाजात व्यक्त झाली. ती चुकीची होती असे मी म्हणणार नाही. मात्र ती गाडीविषयी जितकी होती तितकीच बोलणाऱ्याच्या जवळच्या साधनांविषयी होती.

अशा नाराजीचे पुढे काय होते याचा दाखला फेरारीच्याच इतिहासात आहे. १९९५ ची एफ५० फॉर्म्युला वनच्या इंजिनापासून घडवलेले ४.७ लिटरचे व्ही१२ घेऊन आली, तेव्हा अनेक जाणकारांना ती एफ४० पुढे फिकी वाटली. तिच्या रूपाची थट्टा झाली. बारा सिलिंडर तिला त्या नाराजीपासून वाचवू शकले नाहीत. पुढे कितीतरी वर्षे ती एफ४० च्या सावलीत राहिली आणि नंतर वारे फिरले. आज ३४९ च गाड्या निघालेल्या त्या मालिकेचे लिलावातले दर एफ४० च्या बरेच पुढे आहेत. विद्यार्थी हाच दाखला व्ही१२ चे मोल अखेर कळतेच यासाठी देतात, तर अण्णा तोच दाखला पहिल्या वर्षीच्या आरड्याओरड्याला किंमत देऊ नये यासाठी देतात. एफ८० ची पहिली गाडी लिलावात उभी राहीपर्यंत या दोघांपैकी कोणाचेही म्हणणे खोडता येणार नाही, आणि तिसऱ्या रेल्वे गेटजवळ तोवर गप्प बसण्याचा कोणाचाही विचार दिसत नाही.